अकरा हातांची कोंबडी

रखमाजी मिस्त्री भिंतीपाशी बसत नसत. कुणाच्याही घरी गेले की आधी ओसरीच्या भिंतीकडे निरखून बघत, बोटांनी ती दोन-तीनदा ठोकत, मान हलवत आणि अंगणाच्या बरोबर मध्यावर जाऊन मांडी घालत. ऊन असो, धूळ असो, अंगणात म्हैस बांधलेली असो. एका लग्नात वरबापाने त्यांना हाताला धरून मानाच्या जागी, म्हणजे भिंतीकडच्या पाटावर बसवलं. मिस्त्रींनी वाढलेली पत्रावळ तशीच उचलली आणि मांडवाबाहेर उन्हात बसून शांतपणे जेवले. वरबाप रुसून बसला. "रुसंना का," मिस्त्री मला म्हणाले. "भित दगडामातीची. तिला पाव्हणा कोन न घरचा कोन, काय कळत न्हाई."

भोरला मी त्यांच्या शेजारी राहायला गेलो तेव्हा दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं. ओव्हरसियरची परीक्षा नुकतीच पास झालो होतो, एका ठेकेदाराकडे रस्त्यांच्या कामावर लागलो होतो, वय चोवीस होतं आणि आपल्याला सगळं येतं अशी माझी पक्की समजूत होती. ती समजूत ज्यांनी काढून घेतली त्यांची ही गोष्ट आहे.

आमची ओळख रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी झाली. सकाळी दार वाजलं. बाहेर पन्नाशीचा एक काटकुळा माणूस उभा. डोक्याला मुंडासं, अंगात कोपरी, खांद्यावर पोतं.

"पितळंची पिचकारी हाय का? फुटकी चालंल."

मी म्हटलं, "अहो, मी एकटा जीव. माझ्याकडे कुठली पिचकारी?"

"मंग लगीन करा," ते म्हणाले. "पोरं हुतील, पिचकारी येईल. तवा म्या येतो." आणि पुढच्या दाराला गेले.

दरसाल हा त्यांचा फेरा ठरलेला. रंगपंचमी झाली की पोरांचा पिचकारीतला जीव उडालेला असतो, तेवढ्यात मिस्त्री पोतं घेऊन हजर. गावात त्यांना पिचकारी मिस्त्रीच म्हणत. बायका म्हणायच्या, बायको गेल्यापासून डोक्यावर परिणाम झालाय. कधी गेली, कशाने गेली, ते मात्र कुणी सांगत नव्हतं. मिस्त्री मूळचे तिथले नव्हतेच. भाटघरला धरण बांधत होते तेव्हा वाफेवर ओझी उचलणाऱ्या यारीवर कोळसा टाकायला म्हणून आले आणि धरण पुरं झाल्यावर इथेच राहिले. विहिरींचे पंप दुरुस्त करून पोट भरायचे आणि उरलेला वेळ पिचकाऱ्यांत घालवायचे.

त्यांचं कामाचं ठिकाण म्हणजे चार खांब आणि वर पत्रा. भिंत एकही नाही. गोठा होता, त्याच्या भिंती त्यांनी स्वतः पाडलेल्या. तिथे एकदा मला नेऊन त्यांनी दोन पिचकाऱ्या दाखवल्या. एक बोटभर, एक चांगली मनगटाएवढी. दोन्हींची तोंडं तांब्याच्या नळीने जोडलेली, आत पाणी. मोठीच्या दांड्यावर फळी, आणि फळीवर वाटण वाटायचा पाटा.

"ही बारकी दाबा," म्हणाले.

मी अंगठ्याने दाबली. तिकडे पाटा हळूच उचलला गेला. अंगठ्याला काही श्रम पडले म्हणावं तर तेही नाही.

"पानी दबत न्हाई, भाऊसाहेब," मिस्त्री म्हणाले. "गडी दबतो, सरपंच दबतो, येळ आली तर फौजदार बी दबतो. पानी न्हाई. हिकडनं रेटलं का तिकडनं निघायचंच."

हा नियम मी पुस्तकात पाठ केला होता. त्यावर मला परीक्षेत मार्कही मिळाले होते. पण तो पाटा उचलताना बघितला तेव्हा पहिल्यांदा कळलं की आपण जे पाठ केलं ते खरं असतं.

या पिचकारीतून त्यांना काढायचा होता माती खणणारा हात. आता रस्त्याच्या कामावर पिवळी यंत्रं दिसतात, लांब हाताची, कोपरापाशी चकचकीत दांडा आत-बाहेर होतो, तशी. ती आपल्याकडे कुणाच्या स्वप्नातही नव्हती तेव्हा हा माणूस भोरच्या गोठ्यात ते मांडून बसला होता. धरणावर त्यांनी यंत्रं बघितली होती, पण ती सगळी दोरखंडाची नि साखळीची. मिस्त्रींना ती पसंत नव्हती. "दोर वढतो, पर दोरानं ढकलता येत न्हाई," ते म्हणायचे. "आपला हात कसा, वढतो बी न रेटतो बी. तसा पायजे." आणि मग त्यांचं ठेवणीतलं वाक्य यायचं. कुठल्याही गप्पांचा शेवट ते याच वाक्यावर करत, मग विषय पावसाचा असो की गांधीजींचा: "माणूस लांब, हात फुडं. बास."

युद्ध संपलं आणि लष्कराचं भंगार पुण्यात विकायला निघालं. मिस्त्री तिथून लॉरी उचलायचा एक जॅक घेऊन आले. पोरगं घ्यावं तसा मोटारीत मांडीवर घेऊन आले. घरी आल्याआल्या तो खोलला. आत एक बारीक पिचकारी, एक मोठी पिचकारी आणि मध्ये तेल. दोन दिवस ते त्या तुकड्यांसमोर नुसते बसून होते. मला वाटलं, बिचाऱ्याचं काळीज तुटलं असणार. पंधरा वर्षं ज्याच्यामागे घालवली ते कुणीतरी आधीच करून लष्कराला विकलं होतं. मी समजूत घालायला गेलो तर गृहस्थ खुशीत.

"म्हंजी म्या येडा न्हाई, भाऊसाहेब," म्हणाले. "निदान येकटा तरी न्हाई."

हे ऐकून मी हसलो होतो. आता हसू येत नाही.

जॅकमध्ये तेल निघालं म्हणताच मिस्त्रींनी पाणी सोडून तेल धरलं. पंपाच्या दट्ट्याला ते मोटेच्या जुन्या कातड्याच्या वाट्या बसवत. करडईच्या तेलात त्या चिकट झाल्या, तिळाच्या तेलात मुंग्या लागल्या, शेवटी एरंडेल मानवलं. मग भोरच्या दुकानांतलं एरंडेल मिस्त्रींकडे जायला लागलं. त्या काळी दर महिन्याला पोरांना एरंडेल पाजायची पद्धत होती. आया बाटली घेऊन दुकानात जायच्या आणि रिकाम्या हाताने परत यायच्या. भोरची पोरं त्या उन्हाळ्यात फार सुखात होती आणि आमच्या आळीतली पोरं तर मिस्त्री दिसले की आपणहून रामराम घालायची.

यंत्र उभं राहिलं ते असं. खाली बैलगाडीचं साटं, मागच्या अंगाला दगड रचलेले, म्हणजे पुढे झुकू नये. त्यावर पंपाचा दांडा, दोघांनी मिळून हापसायचा. पुढे सागाचा लांब हात, त्याला मध्ये कोपर, टोकाला जुन्या कुदळी ठोकून केलेला पंजा. हापसलं की तेल नळीतून पुढे जायचं, हात उचलायचा, पंजा मिटायचा. सगळं बरोबर होतं. एकच गोष्ट चुकीची होती. हात अकरा हात लांब होता.

मी कागद-पेन्सिल घेऊन समजावलं. "मिस्त्री, हात जितका लांब तितका टोकाला जोर कमी. सहा हातांवर आणा, जोर जवळजवळ दुप्पट होईल."

"बराबर हाय तुमचं."

"मग?"

"अकरा हात."

"अहो, पण का?"

"अकरा म्हंजी अकरा, भाऊसाहेब." आणि उठून वाट्यांना तेल लावायला गेले.

मी चिडलो. हाताने जन्म काढलेल्या माणसांचा हट्ट असाच असतो, असं मनात म्हणालो. माझ्या ठेकेदारांना मी मोठ्या हौसेने यंत्र बघायला आणलं होतं. मिस्त्रींनी दोन गडी हापसायला लावले, पंजा जमिनीला टेकवला आणि ओढला. खर्र, खर्र असा आवाज झाला आणि बोटभर माती निघाली. पुन्हा खर्र, पुन्हा बोटभर. ठेकेदार पोट धरून हसले. "ही तर कोंबडी उकरतेय," म्हणाले. "मिस्त्री, अंडं कधी घालणार ही?"

मिस्त्री जराही हलले नाहीत. "घालंल," म्हणाले. "आत्ता खुडूक हाय."

तेव्हापासून यंत्राचं नाव कोंबडी पडलं. मलाही त्या दिवशी त्यांची लाज वाटली होती, हे कबूल करतो.

त्यानंतरच्या हिवाळ्यात मला विंझरला पाठवलं. प्रवासी मोटार विंझरपर्यंत यायची, तिथून पुढे वेल्ह्याच्या अंगाला रस्ता रुंद करायचं काम होतं. मैलभर पुढे मुरमाची एक टेकडी रस्त्यात आडवी येत होती, ती कापायची. दरड आठ-नऊ हात उंच. अशी दरड वरून पायऱ्यापायऱ्यांनी उतरवत आणायची, हा नियम मला पाठ होता. पण टेकडीच्या माथ्यावर, अगदी कडेला, शेंदूर फासलेला म्हसोबा बसलेला होता.

त्याचा पुजारी गेनूबाबा, सत्तरीचा, हातात काठी, आवाज खणखणीत. त्याने पहिल्या दिवशीच बजावलं. "म्हसोबाच्या बसक्याला कुदळ लावायची न्हाई. आमी त्याला उतरवायचा न्हाई."

"मग रस्ता कसा व्हायचा, बाबा?"

"त्यो आपल्या पायानं खाली आला तर आमचं काय म्हननं न्हाई. खाली आला का रस्त्याच्या कडंला चौथरा बांधू."

देव आपल्या पायाने खाली यायचा म्हणजे दरडीचं पोट काढायचं. बुडातून माती पोखरत आत जायचं, मध्ये आधाराला न खणलेल्या मातीचा एक खुंट ठेवायचा, आणि शेवटी एकाने आत जाऊन पहारेने तो खुंट पाडायचा. वरचं सगळं आपसूक खाली येतं. माती कामाच्या टोळ्यांना ही रीत चांगली ठाऊक, काम निम्म्याने वाचतं. नियमात ती बसत नाही. ठेकेदाराची घाई होती, गावाचा देव होता आणि मी मान हलवली. चूक माझी, दुसऱ्या कुणाची नाही.

पोट काढून झालं, आणि त्याच दिवशी दरडीच्या माथ्यावर, म्हसोबाच्या मागे, वीतभर रुंद भेग दिसली. सगळी दरड त्या एका खुंटावर लोंबत होती. वर चढावं तर वजनाने खाली येणार, खाली जावं तर अंगावर येणार, तशीच ठेवावी तर रस्त्याने येणाऱ्या-जाणाऱ्यावर कधी कोसळेल सांगता येत नाही. मी दोन्हीकडे माणसं बसवून रस्ता अडवला.

टोळीचा नाईक कोंडिबा माझ्याकडे आला. चाळिशीचा, हसतमुख, टोळीत सगळ्यांना सांभाळून घेणारा गडी.

"साहेब, उद्या-परवा जातो आत. खुंट पाडून येतो."

"तूच का?"

"नाईकच जातो. आमच्यात तसंच हाय. दरड शिंकली का पळायचं, येवढंच."

दरड शिंकते, म्हणजे कोसळण्याआधी वरून चिमूटभर खडे गळतात. कधी शिंकल्यावर पळायला वेळ मिळतो, कधी मिळत नाही. कोंडिबाची बायको चंद्रा जरा पलीकडे रिकामं घमेलं पालथं घालून त्यावर बसली होती. तिने फक्त माझ्याकडे बघितलं.

मी कोंडिबाला सांगितलं, मी परत येईपर्यंत कुणी पाऊल पुढे टाकायचं नाही. आणि पुढच्या मोटारीने भोर गाठलं.

मिस्त्री गोठ्यात होते. मी काही न लपवता सगळं सांगितलं, माझी चूकसुद्धा. त्यांच्या हातात चहाची बशी होती. पोट काढलंय म्हटल्यावर ती तशीच खाली ठेवली.

"खुंट किती जाड?"

"माणसाच्या कवेत मावेल एवढा."

"कोन जानार म्हंतोय?"

"कोंडिबा म्हणून नाईक आहे. बायको कामावरच आहे त्याची."

"बायको हितंच हाय," असं ते स्वतःशीच म्हणाले. मग उठले आणि शेजारी बैल मागायला गेले. चहा तसाच राहिला.

कोंबडीला भोरहून विंझरला पोचायला दोन दिवस लागले. मिस्त्री सगळी वाट गाडीमागून चालत आले. मी मोटारीने पुढे आलो होतो. कोंबडी आली म्हणताच सगळी टोळी गोळा झाली आणि गडी एकमेकांना कोपरं मारून हसायला लागले. मिस्त्रींनी कुणाकडे बघितलं नाही. दरडीच्या बुडातला खुंट बघितला, जमिनीवर बसून आपल्या हाताने कोपर ते बोट असं अंतर मोजत मागे मागे आले आणि बरोबर अकरा हातांवर रेघ ओढली. "ह्या रेघंच्या फुडं कुनी यायचं न्हाई. द्येव बी आला तरी त्याला थांबवा." गाडी रेघेमागे ठेवली, चाकांना दगड लावले.

सकाळी कामाला लागायचं ठरलं. मिस्त्रींना संध्याकाळच्या मोटारीने परत जायचं होतं, भोरला कुणाचा तरी पंप खोलून ठेवलेला होता.

सकाळी पहिलाच दांडा हापसला आणि नळीच्या तोंडाशी तेलाची धार लागली. दोन दिवसांच्या धक्क्यांनी कातड्याची वाटी फाटली होती. मिस्त्रींनी दुसरी वाटी बसवली आणि सांडलेलं तेल भरायला जादा एरंडेलाचा डबा मागितला. डबा रिकामा होता. चांगला पाच शेर तेलाचा डबा, रिकामा आणि पुसून ठेवलेला.

मी वर बघितलं. माथ्यावर म्हसोबा उन्हात लखलखत होता. नवा शेंदूर, अंगावरून तेलाचे ओघळ, आणि पुढे एरंडेलाची पणती तेवतेय. गेनूबाबा पहाटे मागच्या बाजूने चढून त्या भेगेपलीकडे जाऊन आला होता.

"बाबा, अहो वर गेला होतात? आणि ते तेल यंत्राचं होतं."

"मंग?" गेनूबाबा म्हणाला. "आज त्यो जागा सोडनार. आज्याच्या पणज्यापासनं हितं बसलाय. कोरड्या अंगानं पाठवू व्हय त्याला?"

मी डोकं धरून खाली बसलो. कोंडिबाने मुकाट्याने आपली पहार उचलली. विंझरमध्ये एवढं एरंडेल मिळणं शक्य नव्हतं. भोरहून आणायचं तर आणखी दोन दिवस, आणि दरड दोन दिवस थांबेल असं कुणी लिहून दिलं नव्हतं.

मिस्त्री त्या रिकाम्या डब्यात डोकावून बघत होते. आणि ते हसायला लागले. मी त्यांना हसताना कधी बघितलं नव्हतं, मला क्षणभर भीती वाटली.

"भाऊसाहेब," म्हणाले, "पिचकारीत त्याल कोन घालतं? पानी आना की."

चंद्रा सगळ्यांच्या आधी उठली. ओढा जवळच होता. सखू नि बाकीच्या बायकांनी घागरींची रांग लावली. पाण्याने कातडं फुगलं आणि वाटी चपखल बसली. तरी दोन-तीन जागी गळत होतंच. जेवढं गळेल तेवढं वरून भरायचं. एका बाजूला कोंडिबा आणि दुसरा गडी हापसत होते, दुसऱ्या बाजूला चंद्रा पाणी ओतत होती, आणि तो सागाचा लांब हात थरथरत पुढे गेला, पंजा खुंटाला टेकला.

खर्र. बोटभर मुरूम गळला.

खर्र. पुन्हा बोटभर.

कुणी हसलं नाही. त्या खुंटाला जोराची गरज नव्हतीच, त्याला फक्त उकरायला हवं होतं, थोडं थोडं, आणि कुणीतरी लांबून. सकाळ सरली, ऊन डोक्यावर आलं, गडी आळीपाळीने हापसत राहिले, खुंट मांडीएवढा राहिला. तेवढ्यात हाताच्या बुडाशी, गाडीकडच्या सांध्यातला खिळा वाकला आणि पंजा अडकला.

मिस्त्री खिळा ठोकायला वाकले. कोंडिबाचा धीर संपला. "आता येवढंच ऱ्हायलंय," तो म्हणाला. "दोन घाव घातलं का झालं. म्या आलोच." आणि पहार घेऊन रेघ ओलांडून चार पावलं पुढे गेलासुद्धा.

"पहार टाक."

आवाज कुणाचा ते मला आधी कळलंच नाही. मिस्त्रींचा होता. हातोडा टाकून ते धावले, कोंडिबाच्या पायांना मिठी मारली आणि तसेच मातीत बसले. एवढा धिप्पाड गडी जागच्या जागी खिळला.

"अवं मिस्त्री, सोडा की."

"पहार टाक म्हंतो ना. तुझ्या पाया पडतो. टाक."

कोंडिबाने पहार टाकली. मिस्त्रींनी त्याचा हात धरून त्याला रेघेमागे आणलं आणि चंद्राच्या शेजारी बसवलं, पोराला बसवतात तसं. मग खिळा ठोकला. तीन घाव चुकले. मग स्वतःच दांडा धरला आणि मी दुसऱ्या बाजूने धरला.

पाच-सात वेळा हापसलं असेल. माथ्यावरून चिमूटभर खडे गळले. दरड शिंकली. आणि दुसऱ्या शिंकेची वाट न बघता सगळी खाली आली. आवाज मोठा नव्हता, गच्च भरलेलं पोतं जमिनीवर आपटावं तसा होता. धूळ अशी उठली की शेजारचा माणूस दिसेना. धुळीत मिस्त्री माणसं मोजत होते. "चंद्रा. कोंडिबा. सखू. भाऊसाहेब." मी ओ दिली. पुन्हा पहिल्यापासून मोजली. सगळ्यांनी ओ दिली. गेनूबाबाने न विचारता दोनदा दिली.

धूळ बसली तेव्हा कोंबडीचा हात कोपराच्याही वरपर्यंत मातीत गडप झाला होता आणि म्हसोबा मातीच्या ढिगावर उताणा पडला होता, अंगावर एक ओरखडा नाही. गेनूबाबा त्याला नमस्कार करून म्हणाला, "त्याल लागलं म्हनून सुटला." चंद्रा कोंडिबाच्या खांद्यावरची धूळ पदराने झटकत होती. झटकून झाली तरी झटकत राहिली. मला एवढं मोकळं वाटलं की मी तिथेच मटकन बसलो आणि हसायला लागलो, का ते मलाच माहीत नव्हतं.

मिस्त्री मात्र मोजत होते. रेघेपासून मातीच्या ढिगाच्या कडेपर्यंत, कोपर ते बोट, कोपर ते बोट. जिथे कोंडिबाची पहार पडली होती ती जागा ढिगाच्या खाली गेली होती. पहार दिसत नव्हती. अलीकडे अडीच हात जमीन मोकळी, स्वच्छ होती.

"अकरा हात पुरलं," ते म्हणाले.

मी जवळ गेलो. ते जमिनीकडे बघतच बोलले. "माजी बायको सरू न म्या येका कालव्याच्या कामावर हुतो, ह्या धरणाच्या आदी. लई वर्सं झाली. पोट काढल्यालं हुतं. म्या पानी प्यायला भायेर आलो न पहार आत ऱ्हायली. म्याच म्हनलो तिला, जा, तेवढी पहार घेऊन ये. दुसऱ्या दिशी म्या मोजलं. म्या उभा हुतो तितनं तिच्यापातूर अकरा हात. दोन हात असतं तर धरली असती."

सहा हातांचा माझा तो कागद आठवला आणि स्वतःची लाज वाटली. मी फक्त त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

दुपार कलल्यावर आम्ही दोघे विंझरला आलो. यंत्र उकरून काढायचं काम कोंडिबाच्या टोळीने अंगावर घेतलं होतं. मोटार थांबते तिथे एक वाण्याचं दुकान होतं, मातीच्या भिंतीचं, पुढे दगडी पायरी. मोटारीला वेळ होता. मिस्त्री पायरीपाशी आले, सवयीने भिंतीकडे बघितलं आणि बोटांनी ती ठोकली. एकदा, दोनदा. मी अंगणात जायला निघालोसुद्धा.

मागे वळून बघतो तर मिस्त्री पायरीवर बसले होते. त्यांनी हळूच पाठ मागे नेली, टेकवली, आणि डोळे मिटले. थोड्याच वेळात त्यांची मान कलली. तोंड उघडं पडलं, मुंडासं भिंतीवर घासून तिरपं झालं. वाणी चहा घेऊन आला, त्याला मी ओठांवर बोट ठेवून परत पाठवलं.

मी त्यांच्या शेजारी बसलो आणि मीही पाठ टेकली. भिंत दिवसभराच्या उन्हाने कोमट होती. संध्याकाळची मोटार आली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवायला हात उचलला, मी त्याला नको अशी खूण केली. जरा वेळ थांबून मोटार तशीच गेली.